बायकांची मशीद

हाई शूयून तीस वर्षं बायकांच्या मशिदीची आहुंग, म्हणजे इमाम, होती. चीनच्या हनान प्रांतातल्या तिच्या गावात बायकांची मशीद पहिल्यापासून वेगळी: दोन खोल्या, एक विहीर आणि न्हाणीघर. नमाज पढवणं, पोरींना आयती शिकवणं, कुणी बाई गेली की न्हाणीघरात तिला शेवटची आंघोळ घालणं, सगळं शूयूनच्या हातचं.

एका सकाळी तिचा दीर पाओशान आला. पुरुषांच्या मशिदीचा कारभार त्याच्याकडे होता. गावात यापुढे एकच मशीद राहील, असा वरून हुकूम निघाला होता. पुरुषांनी बसून ठरवलं आणि बायकांना न विचारता सही करून टाकली.

"वहिनी, दोनातली एक जाणारच होती," तो म्हणाला. "आमच्या मागच्या खोलीत या की. अल्ला तिथलं ऐकत नाही का?"

"ऐकतो ना. मग भाऊजी, तुम्हीच आमच्या दोन खोल्यांत या. तुमची देऊन टाका त्यांना."

पाओशान चहा अर्धा टाकून उठला.

शूयूनने अर्ज लिहिला. त्रेचाळीस बायकांनी अंगठे उठवले. पहिला अंगठा तिच्या जावेचा, यूजनचा, म्हणजे पाओशानच्याच बायकोचा. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबाने शूयूनला आदराने बसवलं. प्रार्थनेला कुणाचीच ना नाही, प्रश्न फक्त जागेचा आहे, असं त्याने समजावलं.

"श्रद्धा मनात असते, आजी. मन काय, कुठेही नेता येतं."

"मग साहेब, तुमची खुर्ची तेवढी मनात ठेवा," शूयून म्हणाली, "आणि आमची खोली आम्हाला राहू द्या."

साहेब हसला. अर्ज मात्र त्याने ठेवून घेतला, आणि त्यातली नावं बघून कचेरीची माणसं घरोघरी पोचली. कुणाची सून सरकारी शाळेत शिकवायची, कुणाच्या मुलाची बढती अडली होती. महिन्याभरात एकेक बाई अंगठा मागे घेऊन आली. यूजनला तर पाओशानने हाताला धरूनच कचेरीत नेलं. ती परतताना शूयूनच्या दारावरून गेली, पण मान वर केली नाही. मशिदीत म्हाताऱ्यांसाठी करमणूक केंद्र झालं. न्हाणीघरात मोडक्या खुर्च्या रचल्या.

थंडीत यूजन न्यूमोनियाने गेली. पाओशान कचेरीत बायकांच्या न्हाणीघराची किल्ली मागायला गेला. करमणुकीच्या जागी मढं आणता येणार नाही, असं उत्तर मिळालं. पुरुषांच्या न्हाणीघरात बाईला नेण्याची रीत नव्हती. दुपारी तो शूयूनच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तिला कुठे नेऊ?"

शूयूनने अंगणात चादरी बांधल्या, दाराची फळी काढून विटांवर ठेवली. अंगठा मागे घेतलेल्या बायकाच मग ऊन पाण्याच्या किटल्या घेऊन आल्या. वारा चादरी उडवत होता आणि दोघी-तिघी त्या धरून उभ्या होत्या. शूयूनने जावेच्या थिजलेल्या हाताचं बोटन् बोट धुतलं. अंगठ्यावर तिचा हात जरा रेंगाळला.

मातीहून परतल्यावर पाओशान म्हणाला, "चूक झाली, वहिनी."

"हो, झाली," ती म्हणाली. त्याला बरं वाटेल असं तिच्याकडे काही नव्हतं.

चौथ्या दिवशी घरात जमाव जमवल्याबद्दल शूयूनच्या नावाने कचेरीची ताकीद आली. तरी शुक्रवारी तिने अंगणात बारा चटया टाकल्या. दोघी आल्या. उरलेल्या चटयांकडे एकदा बघून शूयूनने नमाज सुरू केली.