अणुभट्टी आणि अब्बांची भट्टी

तळवड्यात लालमहंमद यांचं हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप. गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा भट्टीत तापवायच्या आणि हव्या तशा कडक किंवा मऊ करून द्यायच्या, हा धंदा. एकुलत्या एका लेकीने, सादिकाने तो सांभाळावा, ही त्यांची फार इच्छा. पण पोरगी फिजिक्स शिकली आणि परदेशात एका संशोधन अणुभट्टीवर पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धन भाराच्या जुळ्या कणाचा, झोत तयार करायच्या कामाला लागली.

"शेवटी भट्टीच ना?" अब्बा तेव्हा म्हणाले होते. सादिका दोन दिवस रुसून बसली होती.

यंदा तिचा झोत मंदावत चालला. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनमुळे गॅमा किरण निघतात, ते प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यांत शिरले की पॉझिट्रॉन जन्मतात. पण मारा खाऊन खाऊन पत्र्यांत बारीक दोष पडले होते, आणि जन्मलेले पॉझिट्रॉन बाहेर पडायच्या आत तिथंच अडकून संपत होते. सादिकाने पत्रे जागच्या जागी तापवून सावकाश निववले, म्हणजे अब्बांच्या धंद्यातलं ॲनीलिंगच केलं. झोत पहिल्यापेक्षाही जोरकस आला. आनंदाच्या भरात तिने घरी फोन करून सगळं सांगून टाकलं, आणि तिथंच फसली.

ईदला घरी आली, तर शेजारचे चिमाजी दारातच.

"काय गं, शेवटी बापाच्याच लाइनीत आलीस म्हनं! ॲनीलिंग करतीस?"

"काका, मी पॉझिट्रॉन बनवते. सेकंदाला कोट्यवधी!"

"आन् येवढा माल ठिवता कुठं?"

"ठेवत नाही. धातूत सोडतो. तिथं इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही नाहीसे होतात. जाताना जे किरण निघतात, त्यावरून आत कुठं अणू गहाळ आहे ते कळतं."

"म्हंजी माल परत यायची भानगडच न्हाई! लालभाई, पोरीचा धंदा तुमच्यापरीस झकास हाय."

अब्बा मिशीतल्या मिशीत हसत होते.

"हो, आले बापाच्याच लाइनीत!" सादिका वैतागून म्हणाली. "झालं समाधान?"

"झालं," अब्बा म्हणाले.

चिमाजी शिरखुर्मा संपवून गेले, तेव्हा अब्बांनी हळूच विचारलं, "पत्रे तापत होते तेव्हा भीती वाटली?"

"खूप. तापमानाच्या आकड्यावरून नजर हटत नव्हती."

"मला अजून वाटते. लोकांचा महागाचा माल आत असला की घास गिळत नाही." त्यांनी तिची वाटी पुन्हा भरली. "पण हे चिमाजीला सांगू नकोस. जन्मभर चिडवील."