कोरडा रांजण

ज्या वर्षी जाम्पाच्या नातवानं मुंडण करून काषाय वस्त्र अंगावर घेतलं, त्या वर्षी पावसानं फार ओढ दिली होती. बँकॉकचं आकाश तापल्या काशाच्या परातीसारखं. कालव्याचं पाणी हिरवं, जड, निजलेलं. आणि त्या निजल्या पाण्याच्या काठी, चिंचेच्या विरळ सावलीत, उंच खांबांवर उभं होतं एक सागवानी घर.

किंचित आत कललेल्या भिंतींचं, नावेच्या नाळेसारखी छपराची टोकं आभाळाकडे वळवलेलं, एकही खिळा नसलेलं घर. खिळा नव्हता म्हणूनच ते फळी फळी उकलता आलं. आयुथयाच्या नदीकाठावरून पडावात बसून, प्रवाहाबरोबर वाहत ते इथे आलं आणि पुन्हा तसंच जुळलं. आता ते संग्रहालय होतं. आत पाषाणाच्या मिटल्या डोळ्यांचे बुद्ध, निळ्या वेलींची चिनी माती, सोनवर्खी पेटारे. सगळं मौन. सगळं काचेआड.

ते घर जाम्पाचं. तिची लेक मालिवान तिथेच कामाला होती. सकाळी खिडक्या उघडायच्या, सांजेला मिटायच्या. घर देऊन टाकायला आईला तिनंच राजी केलं होतं. ‘‘इथं पुरात जाईल गं. तिथं टिकेल.’’ टिकलं खरंच. पण जाम्पा मुलाच्या सिमेंटच्या खोलीत राहायला गेली, आणि घराचं नाव निघालं की पानाचा विडा लावायला घ्यायची. संग्रहालयात ती एकदाही आली नव्हती.

नातवाची दीक्षा बँकॉकमधल्याच विहारात झाली. मिरवणुकीत म्हातारी अनवाणी चालली, कमळं हाती धरून, ढोलाच्या तालावर डुलत. आणि परतताना, उन्हं कलताना, आपण होऊन म्हणाली, ‘‘चल, तुझं संग्रहालय दाखव.’’

मालिवानचं काळीज फुलपाखरू झालं.

जिन्यापाशी जाम्पा थांबली. जिन्याशी रांजण होता. तोच; काळ्या झिलईचा, रुंद पोटाचा, ज्यातलं पाणी करवंटीच्या ओगराळ्यानं पायांवर ओतल्यावाचून त्या घरात कधी कुणी चढलं नव्हतं. ना जावई, ना चोर, असं तिचा नवरा हसून म्हणायचा.

तिनं हात आत घातला. वाळकी पानं. एक पाल सळसळली. मग बोटांत चॉकलेटचा चुरगळलेला कागद.

‘‘पोटात हे, आणि गळ्यात पाटी,’’ जाम्पा म्हणाली. ‘‘काय लिहिलंय?’’

‘‘हात लावू नये.’’

‘‘मला की त्याला?’’

मालिवान हसली नाही. ‘‘आई, इथं चपला काढल्या की पुरे.’’

‘‘चपला दुकानात काढतात. घरात पाय धुऊन जातात.’’

‘‘तिकिटाच्या खिडकीमागं नळ आहे.’’

‘‘संडासाजवळचा? तिथं पाय धुऊन तुझ्या बापाच्या घरात शिरू?’’

नळ होता, बादली होती, जिना होता. मधे फक्त एक पाटी होती. एक बादली आणून रांजणात रिती करायची, इतकंच. पण जुनी वस्तू, तडकली तर? संग्रहालयाचे साहेब रागावले तर? मालिवान उभी राहिली, नोकरीच्या गणवेशातल्या निळ्या शेल्याची गाठ बोटांनी घट्ट करत.

‘‘पुढच्या खेपेला भरून ठेवते, आई.’’

जाम्पानं आपल्या पायांकडे पाहिलं. नातवाच्या मिरवणुकीची धूळ त्यांवर पिवळी, मऊ, परागासारखी. मग वर पाहिलं. उघड्या दारातून घराचा उंच उंबरठा दिसत होता.

‘‘भरलास की बोलाव,’’ ती म्हणाली, आणि वळली.

मग पाऊस आला. छपरांवर आला, कालव्यावर आला, केळीच्या पानांवर मोत्यांसारखा, रस्त्यांवर घोड्यांसारखा. साऱ्या शहराला पाणी मिळालं. जिन्याशी, वळचणीखाली, रांजण तेवढा कोरडा राहिला. मालिवान रोज त्याच्यापाशी येई. रोज विचारायचं ठरवी. रोज साहेबांच्या दारावरून पुढे जाई.

आश्विन सरला तेव्हा तिनं विचारलं.

साहेब चष्मा पुसत होते. ‘‘भरा की,’’ ते म्हणाले. ‘‘पाटी पाहुण्यांसाठी आहे. तुम्हाला कुणी अडवलं होतं?’’

कुणीच अडवलं नव्हतं. ते शब्द तिला फटक्यासारखे लागले.

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं रांजण घासला, भरला, त्यात मोगरा सोडला. जुनी झिलई भिजून काळ्या जांभळासारखी तकाकली. ओगराळं काठाला टेकवलं. भावाला फोन करून म्हणाली, ‘‘आईला सांग, भरलाय.’’

पलीकडे भावाचा आवाज, मग म्हाताऱ्या श्वासांची खरखर, आणि मग जाम्पा. ‘‘उद्या दिवे सोडू. परवा येते.’’

पौर्णिमेच्या संध्याकाळी नदीभर दिवे तरंगले. केळीच्या सोपटांचे, फुलांचे, उदबत्त्यांचे. कालव्याच्या काठी ते सागवानी घर उभं होतं, मिटल्या खिडक्यांचं. जिन्याशी भरला रांजण. पाण्यावर मोगरा. मोगऱ्यात चंद्र. ओगराळं जिथल्या तिथे.

जाम्पा त्याच दिवशी, कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे, मुलाच्या खोलीत वारली.