चोरलेली बोटं

"तुझ्या दादाचा डावा हात एकदा डॉक्टरांना दाखवून घे गं," बाळाचं वजन करायला आलेल्या नर्सकाकू चपला घालता घालता म्हणाल्या होत्या. "अंगठ्याजवळचं मांस उतरल्यासारखं दिसतंय."

बाळाच्या आईने ते हसण्यावारी नेलं. "आळशी आहे तो, काकू. गिटारचा सराव नको करायला."

खरं तर तिचं लक्ष नाही अशी गोष्ट घरात नव्हती. बाळ शिंकलं की ती थर्मामीटर शोधायची. पण दादा म्हणजे धडधाकट माणूस. चष्म्याच्या दुकानात राईएवढे स्क्रू बसवणारा. त्याच्या हाताला काय धाड भरलीय?

गिटार तिची, कॉलेजातली. बाळ पोटात असतानाच दादाने हट्ट धरला होता, अंगाई मामाच वाजवणार, शिकव. तिने बांधलेली अंगाई त्याला सगळी आली. शेवटची कॉर्ड तेवढी अडली, मायनर नाइन्थ.

"साध्या मायनरवर आणखी दोन सूर," ती सांगायची. "एक अनामिकेचा, एक करंगळीचा. हा रिषभ कोमल गंधाराला अगदी खेटून बसतो बघ."

"खेटून बसले की भांडणारच. आपल्यासारखे."

"भांडू देत. करंगळी कुठाय?"

"रजेवर."

ती दोन बोटं तो हळूच उचलून घ्यायचा. तशाही मोकळ्या तारा गोडच वाजतात. काही राहून गेलंय हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तिला कळायचं. "चोर," ती म्हणायची, आणि तो मान खाली घालून हसायचा.

मग एका सकाळी त्याला बाळाच्या झबल्याचे बंद बांधता येईनात. दुकानात तर तो कधीपासून स्क्रू एकट्या उजव्या हाताने सांभाळत होता, कुणाला न सांगता.

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही, खुर्ची जवळ ओढून घेतली. तेव्हाच तिला उमगलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या: आधी हा हात, मग तो, मग गिळणं, मग श्वास.

काल दुपारी तो म्हणाला, "छोटे, ती कॉर्ड राहिलीय."

ती त्याच्या मागे बसली. त्याची चारही बोटं एकेक करून तारांवर ठेवली, वर आपली ठेवून दाबली. उजव्या हाताने त्याने तारा छेडल्या. सगळे सूर आले.

"आली रे."

"तुझी बोटं होती," तो म्हणाला. "आता चोर कोण?"

शेजारी निजलेल्या बाळाने झोपेतच त्याची डावी करंगळी मुठीत धरली. त्याने ओढून पाहिली. सुटेना.

"सोडव गं."

तिने बाळाची मूठ उलगडली. किती घट्ट होती ती.

तुमच्याही घरात कुणाच्या हातून हल्ली कप निसटत असेल, बटण लावायला वेळ लागत असेल, आणि सगळे त्याला वेंधळा म्हणत असतील. ही गोष्ट खाली ठेवा. त्याच्याजवळ जा, आपला हात पुढे करा आणि म्हणा, दाब बघू जोरात.