पुन्हा उघडण्याचा खर्च

आमचे हे पगार घेऊन संकटं रचतात. औषधांची गोदामं कुठे आणि किती असावीत, हे कंपनीला सांगणं त्यांचं काम. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये न घडलेली वर्षं घडवायची. एखाद्या वर्षी घाट बंद, एखाद्या वर्षी तापाची साथ, एखाद्या वर्षी दोन्ही. मग कोणत्या मांडणीत कमी नुकसान होतं ते बघायचं. घरातलं दूध संपणार हे मात्र त्यांना दूध संपल्यावरच कळतं.

घाटापलीकडचं लहान गोदाम माझ्या नणंदेकडे होतं. आईवडिलांमागे वन्संनी याच गोदामाच्या नोकरीवर धाकट्या भावाला, म्हणजे ह्यांना, शिकवलं. थंड ठेवायची औषधं पलीकडच्या दवाखान्यांना तिथूनच जायची. वीज गेली की वन्सं जनरेटरपाशी हजर, मग अंगात ताप का असेना.

गणित म्हणालं, हे गोदाम बारा महिने चालवणं परवडत नाही. ह्यांच्या गणितात निर्णय दोन प्रकारचे. काही आधीच घेऊन टाकायचे, काही वेळ येईल तसे. तेव्हा गोदाम आता बंद करायचं आणि घाट अडलाच तर तेवढ्यापुरतं पुन्हा उघडायचं, असं ठरलं. वरच्यांनी ह्यांची पाठ थोपटली.

"वन्संना तुम्ही स्वतः जाऊन सांगा," मी म्हटलं.

"ऑफिसचं घरात आणायचं नाही. आणि ताई घेईल समजून."

ताईला कंपनीचं पत्र गेलं. वन्सं एका कापडाच्या दुकानात लागल्या आणि आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. विचारलं की म्हणायच्या, "जमत नाही गं."

यंदा दरड कोसळली आणि घाट खरोखरच बंद पडला. खोटं कशाला बोलू, हे जरा खूशच झाले. खोली मिळाली, लांबच्या वळशाने फ्रिज आले, गाडी आली, सगळं ठरल्याबरहुकूम. मग ह्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर वन्संना फोन लावला.

"ताई, गोदाम उघडतोय. येशील ना?"

"येईन की. आजारी माणसांनी माझं काय घोडं मारलंय? कधी येऊ, साहेब?"

जन्मभर ज्याला गोट्या म्हणून हाक मारली, त्याला साहेब. मला आधी वाटलं, चेष्टा करतायत.

"साहेब काय गं ताई?"

"कामाचा फोन आहे ना? घरचा असता तर गोदाम बंद केलंत तेव्हाच आला असता."

वन्संनी काम चोख केलं. एकाही दवाखान्यात औषध कमी पडलं नाही. घाट सुरू झाल्यावर त्यांनी किल्ली गाडीवाल्याच्या हाती पाठवून दिली. मी जेवायला बोलावलं, तर म्हणाल्या, "बघू."

त्या संध्याकाळी हे कॉम्प्युटरसमोर नुसतेच बसले होते. मला राग आला होता आणि कीवही येत होती.

"सगळं गणिताप्रमाणे झालं," ते पडेल आवाजात म्हणाले.

"पुन्हा उघडण्याच्या खर्चात काय काय धरलं होतं तुम्ही?"

"भाडं. फ्रिज. गाडी. डिझेल."

"आणि वन्सं?"

त्यांनी पडद्यावरची यादी खालपर्यंत पाहिली.

"शून्य," ते म्हणाले. "म्हटलं, ताई काय, घरचीच आहे."