कांताबाईंचा चहा मी खोडला

माझं एक टोक लाल, दुसरं निळं. दुकानात मला खोडरबर म्हणत, इथे रायपुरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी वाचनालयात नुसतं रबर म्हणतात. मला एका जागी राहवत नाही. कुणाचा कोपर लागला, पंखा जोरात फिरला, की मी टेबलावरून खाली. हल्ली तर काही न लागताही पडतो. त्याचं कारण सांगायचंय, आणि लवकर सांगायचंय, कारण माझं लाल टोक आता नखाएवढंच उरलंय.

मला इथे आणलं यशवंतरावांनी. ते वाचनालयाचे चिटणीस, निवृत्त मास्तर. नवं रायपुर वसलं, अर्धी मंडळी तिकडच्या ऑफिसात जायला लागली, आणि वाचनालय रविवारपुरतं उरलं. तेव्हा त्यांनी एक वाचक मंडळ काढलं. वर्षभर एकाच कपाटातली पुस्तकं वाचायची: लिहावं कसं, वाचावं कसं, विचार करून जगावं कसं. वाचून झालं की वहीत अभिप्राय लिहायचा, तोही पेन्सिलीने. विचार बदलतो, म्हणून पेन्सिल, असं ते सगळ्यांना सांगत.

विचार बदलताना मी फारसा पाहिला नाही. घाबरताना मात्र पुष्कळ पाहिला. एकाने लिहिलं, ‘हे पुस्तक हाती घेतल्यावर झोप चांगली लागली.’ मग इकडेतिकडे बघून मला उचललं आणि लिहिलं, ‘मनाला शांती लाभली.’ दुसऱ्याने लिहिलं होतं की लिहायचं कसं ते समजलं, काय लिहायचं ते लेखकालाही ठाऊक नसावं. तेही गेलं, त्या जागी ‘मार्गदर्शक पुस्तक’ आलं. वहीत जे आहे ते तुम्ही वाचता. जे होतं ते माझ्या अंगाला लागून गेलंय, आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही.

उरलेलं काम यशवंतराव करत. मंडळी गेली की वही पुढे ओढायची आणि भाषा दुरुस्त करायची. ‘मले’ खोडून ‘मला’, ‘काहून’ खोडून ‘का’. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. रायपुरातली मुलं मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. निदान वहीतली मराठी तरी शुद्ध राहावी, एवढीच त्यांची धडपड. पण त्यांचं एक गुपित मला माहीत आहे. मी खाली पडलो की वाकून मला शोधताना ते पुटपुटत, “काहून पळून राहिला बे?” हे फक्त माझ्याशी, आणि आसपास कुणी नाही हे बघून.

एका रविवारी रीना तिच्या आईला घेऊन आली. रीना नव्या रायपुरात नोकरीला, राहायला शंकर नगरात. तिची आई कांताबाई. यजमान रेल्वेत होते, सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला. चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि त्यानंतर सहीपलीकडे कधी लिहिलेलं नाही. विचारपूर्वक जगण्याचं एक पुस्तक त्यांनी महिनाभर बोट ठेवून ठेवून वाचलं होतं. रीनाने लिहून द्यावं म्हणून त्या वही तिच्याकडे सरकवू लागल्या, तर ती म्हणाली, “आई, तू ही लिख ना. जो लगा, वही लिख.”

कांताबाईंनी पेन्सिल इतकी दाबून धरली की टेबल हललं आणि मीही. त्यांनी लिहिलं:

‘पुस्तक चांगलं आहे. रोज सकाळी अर्धा घंटा एकटं बसून वाचा, मंग जगणं समजते, असं यात लिहून आहे. मले सांगा, हा लिहिणारा बसून राहिला होता तवा त्याच्या घरी चाय कोण मांडून राहिलं होतं? मी साठ वर्षं उभ्यानंच विचार केला. आता बसाले भेटलं तर डोळ्याले दिसत नाही.’

खाली नाव लिहून त्यांनी वहीवर हात फिरवला. एवढा खरा अभिप्राय त्या वहीत दुसरा नव्हता.

आणि तो मी खोडला. हात यशवंतरावांचा, पण घासला गेलो मीच. आधी ‘मले’ गेलं, मग ‘घंटा’, मग मधेमधे इतकी भोकं दिसायला लागली की त्यांनी सगळंच पुसलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर पुस्तक अत्यंत वाचनीय असून जीवनाविषयी चिंतन करण्यास प्रवृत्त करते.’ खाली कांताबाईंचं नाव तसंच.

पुढच्या रविवारी कांताबाईंनी चष्मा लावला, पान काढलं, दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “सरजी, हे मी नाही लिहिलं.”

यशवंतराव म्हणाले, फक्त भाषा नीट केली, भाव तुमचाच आहे.

“माह्या भावात चाय होती. ते कुठं गेली?”

कांताबाईंनी मला उचललं आणि स्वतःचं नाव खोडलं, अगदी शांतपणे, भांडं पुसावं तसं. मला टेबलावर जागच्या जागी ठेवलं आणि रीनाचा हात धरून निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर चार रविवार त्या आल्या नाहीत. यशवंतराव ते पान उघडत आणि मिटत. एकदा त्यांनी आठवून लिहायला घेतलं, पण चहापलीकडे त्यांना काही आठवेना. मला सगळं पाठ होतं, पण मला तोंड कुठे? मी तीनदा खाली पडलो, त्यांनी तीनदा उचललं. शेवटी त्यांनी आपलं ते वळणदार वाक्य माझ्याकडून खोडून घेतलं. इतक्या खुशीने मी कधीच झिजलो नव्हतो. वही खिडकीशी नेऊन तिरपी धरली, तर कांताबाईंनी दाबून लिहिलेली अक्षरं कागदात खोल उमटलेली. त्यांनी एकेका खाचेवरून पेन्सिल फिरवली, ‘मले’वरूनसुद्धा. मग रीनाला फोन केला आणि म्हणाले, आईची चूक झाली नव्हती, माझी झाली, एवढं सांग.

कालच्या रविवारी कांताबाई आल्या. पान वाचलं. ‘उभ्यानं’पाशी त्यांचं बोट अडलं. “इथं च होता, सरजी.” रीनाच्या पर्समधलं पेन घेऊन त्यांनी ‘च’ घातला, आणि खाली नाव लिहिलं.

यशवंतराव सवयीने म्हणाले, कांताबाई, पेन्सिलीने लिहायचं असतं.

“हव, मालूम आहे. पण हा विचार नाही बदलत आता.”

यशवंतरावांचा हात माझ्याकडे आला. निळ्या टोकाने शाई जाते म्हणतात, पण जातो तो कागद. त्यांनी मला निळ्या बाजूला फिरवलं, आणि माझा जीव उडाला. मी बोटांतून निसटलो, घरंगळलो, थेट कपाटाखाली.

यशवंतराव वाकले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, “काहून पळून राहिला बे?”

कांताबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्यांच्या मागोमाग यशवंतरावही.

मी अजून त्या कपाटाखालीच आहे. त्यांचा हात पुन्हा शोधायला येईल की नाही, सांगता येत नाही. सवय वाईट असते, त्यांची आणि माझीही. तुम्ही कधी तिथे अभिप्राय लिहायला बसलात आणि पहिलं वाक्य लिहून बिचकलात, तर एवढं करा: मी कुठे आहे ते कुणाला विचारू नका.