सहाव्या देवदूताचे डोळे

अकोल्याच्या सराफ्यात खुशालरावांसारखा देवीचा चांदीचा मुखवटा कोणी ठोकत नाही. हे मी, त्यांच्या हाताखाली शिकणारा, म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. आणि त्यांचा हात पाहिला की ते खोडूनही काढता येत नाही.

नाताळाच्या महिनाभर आधी अमरावतीचे फादर मिनेझिस त्यांच्याकडे चांदीचा टांगता दिवा घेऊन आले. तीनशे वर्षांपूर्वी पोर्तुगालच्या राजाने गोव्यातल्या चर्चला दिलेला, पुढे फिरत फिरत वऱ्हाडात पोचलेला. वेलबुट्टी इतकी, की बोट टेकवायला कोरी जागा नाही. कडेला सहा देवदूतांची मुंडकी. त्यातलं एक गळून हरवलेलं, उरलेल्या पाचांचे चेहरे काजळीने माखलेले. फादरनी रोममधल्या संगमरवरी देवदूताचा फोटो पुढे केला. डोळे कोरे, बुबुळं नाहीत.

"अगदी असंच हवं. चर्चच्या जुन्या वस्तू पाहणाऱ्या गोव्याच्या मॅडम तपासायला येणार आहेत. त्या नाही म्हणाल्या तर नवं मुंडकं वितळवावं लागेल."

खुशालरावांनी तापवून मऊ केलेल्या राळेवर चांदीचा पत्रा ठोकून गाल फुगवले, केस कुरळे केले. त्यांच्या घरची रीत अशी, की मुखवट्याचे डोळे सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी उघडायचे. त्या सकाळी त्यांनी चहाचा कप परत केला, तेव्हा सून पौर्णिमा म्हणाली, "मामाजी, देवदूतासाठी उपास काहून? तो का आपल्या घरचा देव हाये?"

"हाताले का समजते, कोन घरचा अन् कोन बाहेरचा?" असं म्हणत त्यांनी बारीक छिन्नी टेकवली आणि सवयीने बुबुळं उठवली. फोटो आठवला तो ठोकून झाल्यावर.

दिवा घेऊन आम्ही अमरावतीला गेलो. फादरनी कपाळाला हात लावला. "खुशालराव, हे तर देवीचे डोळे झाले!"

"झाले खरे." एवढं आखूड उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

गोव्याहून आलेल्या मॅडम तिथेच होत्या; त्यांनी नवं मुंडकं बराच वेळ न्याहाळलं. मग कापसाचा बोळा भिजवून जुन्या देवदूताचा काजळीने भरलेला डोळा पुसला. काजळीखालून बुबुळ निघालं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. पाचही जण टक लावून बघायला लागले.

"हे लिस्बनमधलं काम नव्हे," मॅडम म्हणाल्या. "चांदी राजाची, हात इकडच्या सोनाराचा. सहावा राहू द्या."

फादर खुलले. "मग दिव्याखालच्या पाटीवर राजाऐवजी तुमचंच नाव घालू का, खुशालराव?"

खुशालरावांनी टोपी सारखी केली. "नाही, त्याचंच राहू द्या. चांदी देली बिचाऱ्यानं. घडवता तर येत नोतं त्याले, नाव तरी असू द्या!"