नवसाला बोललेला नातू

देवबागचा पाद्री म्हणजे मी, फादर इनास. मिस्साची प्रार्थना, पापनिवेदन, लग्नं, मरणं ही झाली माझी कागदावरची कामं. त्याशिवाय शाळेचा पंप बिघडला की मी, म्हातारीच्या पेन्शनचा अर्ज अडला की मी, दोन भावांत बांधावरून जुंपली की मी. गेल्या आठवड्यात एका होमस्टेवाल्यानं दिल्लीच्या पाहुण्यांशी हिंदीत भांडायला मला बोलावून नेलं. भांडलोही. बरा भांडतो मी.

सोमवारी सकाळचा मिस्सा संपतो न संपतो तोच रोझालिना आजी पडवीत येऊन बसली. हातात सेमिनरीचा फॉर्म. तिचा नातू डायलन यंदा बारावी झाला होता.

"फादर, चिठी लिवन दी. शनवारी बिशपाच्या घराक पोचाक होयी."

पाद्री व्हायला निघालेल्या मुलाला त्याच्या पाद्रीची शिफारस लागते. रोझालिनाचा नवस साऱ्या गावाला ठाऊक होता. बारा वर्षांपूर्वी तिच्या मुलाचा, कुस्तोदियोचा ट्रॉलर वादळात तीन दिवस बेपत्ता होता. चौथ्या दिवशी तो परतला, कारण तिसऱ्या दिवशी म्हातारीनं सायबिणीपुढे, मारियामातेपुढे गुडघे टेकून म्हटलं होतं, झील परत दी, नातू तुका देतंय. नातू तेव्हा सहा वर्षांचा, अंगणात पतंग उडवत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पण म्हातारीपुढे हे बोलायची माझी छाती नव्हती. "लिहितो," म्हणालो आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

त्यात तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता: उमेदवार स्वतःच्या इच्छेने येत आहे काय?

मंगळवारी सत्यवानच्या नव्या बोटीला आशीर्वाद द्यायचा होता. सत्यवान हिंदू, पर्यटकांना समुद्रात फिरवण्याचा त्याचा धंदा. "नारळ मी फोडतंय, पाणी तुमी शिंपडा," तो म्हणाला. "खंयचोय देव रागावाक नको." नारळ फुटला, पाणी शिंपडलं गेलं, आणि बोट चालवायला बसला डायलन. सुट्टीत तो तिथेच काम करायचा. इंजिनाचा आवाज नुसता ऐकून कुठे काय खटकतंय ते सांगणारा मुलगा. खाडीच्या मुखापाशी त्यानं इंजिन बंद केलं. बोटीत आम्ही दोघंच होतो.

"फादर, माका जावचा नाय आसा."

"मग सांग घरी."

"आजी मरतली. खरीच मरतली ती. तुमी तिका सांगू नकात." तो पाण्याकडे बघत होता. "माका रत्नागिरीक इंजिनाचो कोर्स करूचो होतो. पण ऱ्हवांदे. तुमकाय आवशीनच दिलेला मां? तुमका बरा वाटता मां, फादर?"

मी त्याला विचारलं, डिझेल किती लागतं रे हिला? इतका मी भित्रा.

होय, मलाही आईनंच दिलेलं. बाबांना विषमज्वर झाला होता, मी आठ वर्षांचा होतो. बाबा जगले आणि पुढे मी सेमिनरीत गेलो. आज एक्कावन्न वर्षांचा आहे. हे आयुष्य मला नको होतं, हे वाक्य मी आजवर एकाही माणसाला बोललेलो नाही. ज्यांच्यापुढे मी पापं सांगतो त्या म्हाताऱ्या फादरनाही नाही. मी वाईट पाद्री नाही. मरणाऱ्याचा हात धरतो तेव्हा तो खरोखर धरतो. पण घरी परतून दाराला कडी घालतो, तेव्हा ती बाहेरून कोणीतरी घातली असं वाटतं.

फॉर्म टेबलावर पडून राहिला. 'होय' लिहिलं तर खोटी साक्ष, आणि पोरगं आयुष्यभर त्यात अडकलेलं. 'नाही' लिहिलं तर पोरानं भरवशानं सांगितलेलं मी म्हातारीच्या हातात दिलेलं. बुधवारी एक मयत होतं, गुरुवारी शाळेत तपासणी. मी आनंदानं राबलो. काम असलं की फॉर्म दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी उठलो आणि फॉर्म घेऊन रोझालिनाकडे गेलो. ती खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. डायलनचं नाव काढायचं नाही असं ठरवून गेलो होतो.

"आजी, एक सांगू? नवस जो बोलतो त्यालाच बांधतो. दुसऱ्याच्या जिवाचा नवस चर्च धरत नाही. आणि तुला बोललेलं मोडायची भीती वाटत असेल तर त्यातून सोडवायचा अधिकार पाद्रीला आहे. मला आहे. मी आत्ता एक वाक्य बोललो की तू मोकळी. नातवाच्या उंचीची मेणबत्ती लाव, झालं."

ती सोलं पसरायची थांबली. "इतक्या सोपा?"

"इतकंच."

"त्यानां सांगल्यान तुका काय?"

मी वाकून चार सोलं सारखी केली. तिला कळलं. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं, पण ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"तुझ्या आवशीनय नवस केललो. तिका ह्या कोणी सांगूक नाय?"

"नाही."

"तुका कधी कळला?"

"सेमिनरीत. चौथ्या वर्षी शिकवतात हे."

"चौथ्या वर्षी," ती म्हणाली. "मगे तेवाच परत कित्या इलस नाय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही. आईला दोष देता देता माझे केस पांढरे झाले, आणि तिनं धरलेला हात तर तेव्हाच सुटला होता. दार उघडं होतं. वर्गातून उठायचं, पेटी उचलायची, घराकडची सावंतवाडीची गाडी धरायची, बस. मी त्या दिवशी वहीत तो नियम नीट लिहून घेतला आणि जेवायला गेलो.

"आवय जिती आसा मां तुझी?" रोझालिनानं विचारलं.

"आहे. त्र्याऐंशीची."

"मगे आता तरी सांग तिका. सोडव आपणाक."

मी नकारार्थी मान हलवली. "सणाच्या मिस्साला लोक तिला हाताला धरून नेतात, आजी. पाद्रीची आई म्हणून पहिल्या बाकावर बसवतात. बाबा गेल्यापासून तेवढंच आहे तिच्याकडे. तो बाक तिच्याखालून काढून घेऊ?"

रोझालिनानं फॉर्म माझ्या हातातून ओढून घेतला. बराच वेळ त्यावरच्या डायलनच्या फोटोकडे बघत होती.

"माकाय तोच बाक होयो होतो," ती म्हणाली, आणि फॉर्मचे चार तुकडे केले.

मग रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून ते एक वाक्य बोललो आणि तिला नवसातून सोडवलं. पाच वाजता मिस्सा होता. मी निघालो.